शंभर रुपयांना एक रुपया : डी-मार्टच्या किंमत-मिळकत गुणोत्तराचा मागोवा

तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र विभाग

आमच्या घरात ‘शेअर’ हा शब्द २०२१ सालापर्यंत कोणी उच्चारल्याचे मला आठवत नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झाले. पोस्टाचे पासबुक, सहकारी बँकेतील मुदत ठेव आणि आईची भिशी यांपलीकडे आमच्या घरचा पैसा कधी गेला नव्हता. त्या वर्षी दिवाळीला पुण्याहून आलेल्या माझ्या आत्येभावाने अण्णांचे खाते उघडून दिले आणि मोबाइलवर बोटे फिरवून दहा शेअर घेऊनही दिले. कंपनी कोणती घ्यायची हे मात्र अण्णांनी स्वतः ठरवले होते. “दर महिन्याच्या पाच तारखेला मी ज्या दुकानाच्या रांगेत पाऊण तास उभा राहतो, त्या दुकानाचा धंदा बुडेल कसा?” हा त्यांचा युक्तिवाद होता. दुकान होते डी-मार्ट. शेअरचा भाव त्या दिवसांत साडेचार हजारांच्या पुढे होता.

धंदा बुडाला नाहीच. तो वाढत राहिला. आणि तरीही २०२५ च्या मे महिन्यात, कंपनीचा वार्षिक निकाल वर्तमानपत्रात आला त्या संध्याकाळी, अण्णांनी मला हाक मारली आणि पाटीवर गणित घालावे तसा प्रश्न घातला. “मी शेअर घेतले त्या आर्थिक वर्षी कंपनीचा नफा जवळजवळ पंधराशे कोटी होता. आता सत्तावीसशे कोटी आहे. दुकाने वाढली, गर्दी वाढली. मग माझा शेअर मी घेतला त्याहून स्वस्त कसा? मधली वाढ गेली कुठे? तू अर्थशास्त्र शिकतेस ना?”

मी मूल्य सिद्धांत शिकले होते, मागणीची लवचीकता शिकले होते, एकाधिकारयुक्त स्पर्धेची आकृती झोपेतही काढू शकले असते. पण या प्रश्नाचे उत्तर मला येईना. ते शोधण्यात पुढची सहामाही गेली. हा लेख त्या शोधाची टिपणे आहेत. बाजारात पैसे कुठे घालावेत हे सांगण्याचा माझा अधिकार नाही आणि हेतूही नाही.

प्रथम साधनाची ओळख करून घेऊ. शेअरची बाजारातील किंमत आणि त्या शेअरच्या वाट्याला येणारा वर्षाचा नफा यांचा भागाकार म्हणजे किंमत-मिळकत गुणोत्तर. व्यवहारात याला ‘पी. ई. रेशो’ म्हणतात. शेअरची किंमत दोनशे रुपये आणि वर्षाची प्रतिशेअर मिळकत दहा रुपये, तर गुणोत्तर वीस. म्हणजे वर्षाला एक रुपया मिळवणारे यंत्र विकत घेण्यासाठी लोक वीस रुपये मोजत आहेत. साऱ्या शेअरांची एकत्रित किंमत घेऊन तिला एकूण नफ्याने भागले तरी उत्तर तेच येते.

अण्णांना मी हे मुदत ठेवीच्या भाषेत सांगून पाहिले. २०२१ साली ठेवीवर साधारण साडेपाच टक्के व्याज मिळत होते. म्हणजे साडेपाच रुपयांच्या वार्षिक मिळकतीसाठी आपण शंभर रुपये गुंतवत होतो. ठेवीचे गुणोत्तर झाले अठरा. पुढे व्याज सात टक्क्यांवर गेले तेव्हा तेच गुणोत्तर चौदावर आले. अण्णा म्हणाले, “मग माझ्या शेअरचे किती होते?” मी गणित करून सांगितले : त्या दिवाळीत, मागील बारा महिन्यांच्या नफ्यावर, दोनशेच्या वर. अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि मला ते गणित पुन्हा करायला लावले. उत्तर बदलले नाही.

ज्या दुकानात तूरडाळ किलोमागे चार रुपयांनी स्वस्त मिळते म्हणून आपण पिशव्या घेऊन जातो, त्या दुकानाचा शेअर मात्र बाजारातल्या महागातल्या महाग शेअरांपैकी एक असावा, ही विसंगती मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवली. ती समजून घ्यायची तर आकड्यांचा इतिहास पाहायला हवा.

राधाकिशन दमाणी यांनी डी-मार्टचे पहिले दुकान २००२ साली मुंबईत पवईला उघडले. मूळ कंपनीचे नाव ॲव्हेन्यू सुपरमार्ट्स. दुकाने सावकाश वाढवायची, जागा शक्यतो भाड्याने न घेता विकत घ्यायची, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करून त्याच्याकडून सूट मिळवायची आणि ती सूट गिऱ्हाइकाला देऊन माल भराभर खपवायचा, ही तिची रीत. जाणता किराणा व्यापारी हेच करतो. इथे ते शेकडो दुकानांत आणि शिस्तीने केले गेले.

मार्च २०१७ मध्ये कंपनीचे शेअर प्रथम जनतेला विक्रीस आले. किंमत होती २९९ रुपये. २१ मार्च २०१७ रोजी शेअर बाजारात त्यांची नोंदणी झाली आणि पहिलाच व्यवहार सहाशे रुपयांच्या पुढे झाला. त्या वर्षीचा कंपनीचा नफा ४७९ कोटी आणि शेअरांची संख्या सुमारे ६२.४ कोटी, म्हणजे प्रतिशेअर मिळकत ७ रुपये ७० पैशांच्या आसपास. २९९ ला तिने भागले तर गुणोत्तर येते ३९. त्या दिवशी बाजार बंद होताना भाव सुमारे ६४० होता. त्यावर ते येते ८३. एका सकाळीत गुणोत्तर दुपटीहून वर गेले. त्या सकाळी दुकानातून साखरेचा एक दाणाही जास्त विकला गेला नव्हता. गुणोत्तराचा अंश दुकानात ठरत नाही, तो खरेदीदारांच्या मनात ठरतो, हे मला या एका दिवसाच्या आकड्यांनी जेवढे स्पष्ट केले तेवढे कोणत्याही व्याख्येने केले नाही.

आता पुढील वर्षांचे कोष्टक पाहावे. भाव मार्चअखेरचे व सुमारे आहेत. मिळकत त्या आर्थिक वर्षाच्या एकत्रित नफ्यास वर्षअखेरच्या शेअरसंख्येने भागून मीच काढली आहे.

२०१७ : भाव ६३८, मिळकत ७.७, गुणोत्तर ८३
२०१८ : भाव १,३२०, मिळकत १२.९, गुणोत्तर १०२
२०१९ : भाव १,४७०, मिळकत १४.५, गुणोत्तर १०२
२०२० : भाव २,१९०, मिळकत २०.१, गुणोत्तर १०९
२०२१ : भाव २,८६०, मिळकत १७.०, गुणोत्तर १६८
२०२२ : भाव ४,०००, मिळकत २३.०, गुणोत्तर १७४
२०२३ : भाव ३,४००, मिळकत ३६.७, गुणोत्तर ९३
२०२४ : भाव ४,५२५, मिळकत ३९.०, गुणोत्तर ११६
२०२५ : भाव ४,०८०, मिळकत ४१.६, गुणोत्तर ९८

हे कोष्टक मी अण्णांच्या पुढे ठेवले तेव्हा त्यांनी सर्वांत आधी २०२१ च्या ओळीवर बोट ठेवले. मिळकत वीसवरून सतरावर घसरली आणि नेमके त्याच वर्षी गुणोत्तर १०९ वरून १६८ वर चढले. नफा कमी झाला तर लोकांनी कमी पैसे मोजायला हवेत, नाही का? याचे उत्तर छेदात आहे. ते करोनाच्या टाळेबंदीचे वर्ष होते. दुकाने कधी बंद, कधी ठरावीक तास उघडी. कपडे, भांडी, प्लॅस्टिकच्या वस्तू यांच्या विक्रीवर बंधने. अन्नधान्यावर मिळणारा नफा थोडा, या इतर मालावर मिळणारा जास्त. तो इतर मालच अडला. कंपनीचा नफा १,३०१ कोटींवरून १,०९९ कोटींवर आला. पण हा आजार तात्पुरता आहे असे बाजाराचे मत पडले, म्हणून किंमत खाली आली नाही, उलट वाढली. अंश वाढला आणि छेद आकसला; गुणोत्तर दोन्ही बाजूंनी फुगले.

म्हणून केवळ ‘गुणोत्तर १६८ आहे’ असे वाक्य उच्चारण्यात अर्थ नाही. ते आशा वाढल्यामुळे १६८ आहे की मिळकत पडल्यामुळे, हे पाहावे लागते. या रोगावर बेंजामिन ग्रॅहॅम व डेव्हिड डॉड यांनी १९३४ च्या आपल्या ग्रंथात एक औषध सुचवले आहे : एका वर्षाची मिळकत न घेता अनेक वर्षांची सरासरी घ्यावी, शक्य तर सात ते दहा वर्षांची. मी उत्साहाने तीन वर्षांची सरासरी काढून पाहिली. २०१९, २०२० आणि २०२१ या वर्षांचे नफे अनुक्रमे ९०२, १,३०१ आणि १,०९९ कोटी; सरासरी १,१०१ कोटी. म्हणजे औषध घेतले आणि ताप एक दशांशसुद्धा उतरला नाही! वेगाने वाढणाऱ्या धंद्याच्या बाबतीत जुनी वर्षे मुळातच लहान असतात, ती सरासरीला खाली ओढतात. ग्रॅहॅमचा उपाय स्थिरावलेल्या धंद्यांना जास्त मानवतो असे माझे मत झाले आहे. वर्गात मी हे म्हटले तेव्हा सर हसले, पण खोडून काढले नाही.

छेदाबद्दल आणखी एक गोष्ट. २०२० साली मिळकत साडेचौदावरून वीसवर गेली, म्हणजे वाढ चाळीस टक्क्यांच्या आसपास. हा सारा पराक्रम दुकानांचा नव्हता. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने कंपन्यांवरील कर कमी केला. ज्यांना पूर्वी सुमारे ३५ टक्के भरावा लागे त्यांना तो सुमारे २५ टक्क्यांवर आला. एक किलो तांदूळ जास्त न विकताही करोत्तर नफा वाढला. फेब्रुवारी २०२० मध्ये कंपनीने २,०४९ रुपये दराने दोन कोटी नवे शेअर मोठ्या संस्थांना विकले, त्यामुळे नफ्याचे वाटेकरीही थोडे वाढले. छेद म्हणजे दगडावरची रेघ नव्हे.

त्याचे परदेशातले उदाहरण अधिक बोलके आहे. ब्रिटनमधील टेस्को ही तेथील सर्वांत मोठी किराणा कंपनी. सप्टेंबर २०१४ मध्ये तिने स्वतःच जाहीर केले की सहामाहीच्या नफ्याचा आपण दिलेला अंदाज सुमारे २५ कोटी पौंडांनी फुगलेला होता. पुरवठादारांकडून मिळायच्या रकमा आधीच जमेस धरल्या गेल्या होत्या. त्या अंदाजावर ज्यांनी गुणोत्तर काढले असेल त्यांचा भागाकार बरोबर होता, पण उत्तर चूक होते. त्या आर्थिक वर्षात टेस्कोला पाच अब्ज पौंडांहून अधिक तोटा झाला. तोटा झाला की छेद शून्याखाली जातो आणि गुणोत्तर काढण्यात अर्थच राहत नाही. कोष्टकांत अशा जागी आडवी रेघ मारतात.

आता अण्णांच्या मूळ प्रश्नाकडे येते. उत्तर एका साध्या गुणाकारात आहे, आणि ते सापडले तेव्हा इतके सोपे असेल याचे मला थोडे वाईटच वाटले. किंमत म्हणजे मिळकत गुणिले गुणोत्तर. व्याख्येचाच हा उलटा पाढा. म्हणून किंमतीतील कोणताही बदल दोन बदलांचा गुणाकार असतो : मिळकत किती पट झाली आणि गुणोत्तर किती पट झाले.

मार्च २०२२ ते मार्च २०२५ हा काळ घेऊ. मिळकत २३.० वरून ४१.६ झाली, म्हणजे १.८१ पट. गुणोत्तर १७४ वरून ९८ झाले, म्हणजे ०.५६ पट. दोहोंचा गुणाकार १.०२ च्या आसपास. म्हणून किंमत चार हजारांवरून चार हजार ऐंशीवर, म्हणजे होती तिथेच. कंपनीने तीन वर्षांत दुकानांची संख्या २८४ वरून ४१५ वर नेली, नफा ऐंशी टक्क्यांनी वाढवला. त्या साऱ्या वाढीएवढीच लोकांच्या आशेत घट झाली. अण्णांनी त्याहून चढ्या गुणोत्तराला घेतले होते, त्यामुळे त्यांच्या वाट्याला थोडा तोटाच आला.

“म्हणजे कोणी फसवले नाही?” अण्णांनी विचारले. नाही. कंपनीने जे करायचे ते केले. आपण २०२१ साली केवळ त्या वर्षीची दुकाने विकत घेतली नव्हती; पुढच्या कित्येक वर्षांत उघडतील त्या दुकानांचीही किंमत आगाऊ भरली होती. ती दुकाने उघडली तेव्हा नवे काही मिळाल्याचा आनंद बाजाराला झाला नाही, कारण पैसे आधीच चुकते झाले होते.

किती वर्षांची आगाऊ किंमत, हेही काढता येते. गुणोत्तर २२० धरले तर शंभर रुपयांवर मिळकत पंचेचाळीस पैसे. कंपनीचा नफा दर वर्षी न चुकता वीस टक्क्यांनी वाढला, तर हे पंचेचाळीस पैसे साडेपाच रुपये, म्हणजे त्या वेळच्या ठेवीच्या व्याजाएवढे, व्हायला साडेतेरा ते चौदा वर्षे लागतात. शिवाय व्याज हातात पडते. ही मिळकत हातात पडत नाही. २०२५ पर्यंत कंपनीने लाभांश दिलेला नव्हता, मिळालेला पैसा ती नव्या जागा व दुकाने यांत घालत आली. त्यात गैर काही नाही, पण आईच्या दृष्टीने ‘मिळकत’ या शब्दाचा अर्थ वेगळा आहे हे मला नमूद केलेच पाहिजे.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर लेख एकांगी होईल. ज्याने मार्च २०१७ च्या अखेरीस ८३ या गुणोत्तराला शेअर घेतला, त्यालाही जाणत्या लोकांनी ‘फार महाग’ म्हणून हटकले असणार. आठ वर्षांनी गुणोत्तर ९८ होते, म्हणजे १.१८ पट, मिळकत मात्र ५.४ पट झाली. किंमत झाली ६.४ पट. ८३ हे गुणोत्तर आपल्या ठेवीच्या मानाने अवाढव्य होते आणि तरी त्याचे चुकले नाही. तेव्हा ‘चढे गुणोत्तर म्हणजे धोका’ असा ठोकताळा बांधून मोकळे होता येत नाही. ८३ आणि २२० यांच्या मध्ये कुठेतरी शहाणपणाची हद्द होती. ती नेमकी कुठे हे त्या वेळी कोणत्याही सूत्राने सांगता आले असते असे मला वाटत नाही.

बाजार इतके मोजायला का तयार होता, याची कारणे धंद्यात आहेत. देश मोठा आणि दुकाने थोडी. २०१७ च्या मार्चअखेर ती १३१ होती. जागा स्वतःच्या असल्याने भाडेवाढीची टांगती तलवार नाही. कर्ज नगण्य. आणखी एक कारण धंद्याबाहेरचे आहे. प्रवर्तकांकडे आरंभी ऐंशी टक्क्यांहून अधिक आणि २०२० नंतर पंच्याहत्तर टक्क्यांच्या आसपास शेअर राहिले. बाजारात फिरणारा माल कमी आणि घेणारे पुष्कळ. हे तर आम्हाला अकरावीतच शिकवले आहे.

मग २०२२ नंतर आशा का ओसरली? एक कारण व्याजदर. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवधीत रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. ठेवीचे गुणोत्तर अठरावरून चौदावर आले तसा साऱ्याच गुणोत्तरांवर खाली ओढ बसला. दुसरे कारण, छेद सावरला. टाळेबंदी सरली आणि २०२२-२३ साली नफा जवळजवळ साठ टक्क्यांनी उसळून २,३७८ कोटी झाला. आजार तात्पुरता आहे हे बाजाराचे निदान बरोबर ठरले; पण रोगी बरा झाल्यावर वैद्याची फी कोण चढवून देणार?

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पुढील दोन वर्षे नफा साडेसहा-पावणेसात टक्क्यांनीच वाढला : २,५३६ कोटी आणि मग २,७०७ कोटी. विक्री मात्र जोमाने वाढत होती. २०२२-२३ साली ४२,८४० कोटी, २०२४-२५ साली ५९,३५८ कोटी. म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीमागे कंपनीच्या हाती साडेपाच रुपयांहून थोडे जास्त राहत होते, तिथे साडेचार रुपयांच्या आसपास राहू लागले. एक रुपयाचा फरक! पण किराण्याच्या धंद्यात शंभरामागे पाच-साडेपाच रुपयेच उरायचे, त्यातला एक गेला म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. मी एक काल्पनिक हिशेब केला. २०२४-२५ च्या विक्रीवर दोन वर्षांपूर्वीच्या दराने नफा उरला असता तर तो ३,२९० कोटींच्या घरात गेला असता आणि त्याच ४,०८० रुपये भावाला गुणोत्तर ९८ ऐवजी ८१ दिसले असते. गिऱ्हाइकाला डाळीवर दिलेली सवलत, कामगारांचा पगार, इतर मालाचा मंदावलेला खप अशा बारीक गोष्टी छेदात पाझरतात आणि तिकडे गुणोत्तर वीस-वीस अंकांनी हलते. पोलाद किंवा औषधे बनवणाऱ्या कंपनीचे गुणोत्तर वाचण्याची सवय झालेल्या माणसाने किराण्याच्या कंपनीकडे वळताना हे ध्यानात ठेवावे.

याच सुमारास मोठ्या शहरांत दहा-पंधरा मिनिटांत घरपोच किराणा देणाऱ्या सेवा पसरल्या. ऑक्टोबर २०२४ मधील तिमाही निकालाच्या वेळी महानगरांतील दुकानांवर ऑनलाइन किराण्याचा परिणाम दिसतो आहे असे कंपनीनेच मान्य केले, आणि लगेचच्या व्यवहाराच्या दिवशी शेअर आठ टक्क्यांहून अधिक घसरला. त्या तिमाहीत नफा घटला नव्हता, थोडा वाढलाच होता. पण १०० च्या वरच्या गुणोत्तरात पुढच्या दहा वर्षांची गृहीतके असतात. त्यांतल्या एकावर प्रश्नचिन्ह लागले तरी पुरे.

अण्णांना जे तीन-साडेतीन वर्षांत दिसले ते अमेरिकेतील एका पिढीने बारा वर्षे पाहिले आहे. वॉलमार्टचा शेअर १९९९ च्या डिसेंबरअखेर ६९ डॉलरच्या आसपास होता आणि त्या वर्षाची मिळकत सव्वा डॉलरच्या आसपास, गुणोत्तर ५५. किराण्याच्या जगात वॉलमार्टला तोड नव्हती आणि पुढेही राहिली नाही. २०११ पर्यंत प्रतिशेअर मिळकत चार डॉलरच्या वर गेली, तिपटीहून अधिक. पण त्या वर्षीच्या शरद ऋतूत शेअर पन्नास-बावन्न डॉलरला मिळत होता. गुणोत्तर बाराच्या आसपास उतरले होते. बारा वर्षे कंपनी वाढत होती आणि भागधारक (लाभांश सोडला तर) जागच्या जागी उभा होता. गंमत अशी की तिथून पाखरू पुन्हा फिरले; जानेवारी २०२५ च्या अखेरीस याच वॉलमार्टचे गुणोत्तर चाळिशीत होते. दुकाने तीच, डाळ-तांदळाऐवजी तिथे पाव-दूध, पण एका रुपयाच्या मिळकतीला एकदा पंचावन्न, एकदा बारा, एकदा चाळीस. एका कंपनीचे ‘खरे’ गुणोत्तर किती, असा प्रश्न परीक्षेत आला तर मी तो सोडून देईन.

एवढे सारे मांडून झाल्यावर अण्णांनी काय केले, असे माझ्या मैत्रिणींनी विचारले. त्यांनी शेअर विकले नाहीत, आणखी घेतलेही नाहीत. त्यांच्या जुन्या, शाळेच्या हजेरीपटासारख्या उभ्या वहीत पूर्वी ते मोबाइलवरचा रोजचा भाव लिहीत असत. आता रोज लिहीत नाहीत. वर्षाला एक ओळ, चार रकाने : वर्ष, भाव, मिळकत, गुणोत्तर. २०२५ ची ओळ त्यांनी माझ्याकडून तपासून घेतली आणि खाली पट्टीने पुढची रेघ आखून ठेवली. पाच तारखेला रांगेत मात्र ते अजून स्वतःच उभे राहतात, आणि हल्ली परत आल्यावर कोणत्या मालाच्या फळ्या भरलेल्या होत्या, कपड्यांच्या बाजूला किती माणसे होती, हे आम्हाला न विचारता सांगतात.